न पडलेली भिंत

आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत मशीनला हात लावण्याआधी प्रत्येकाला एक आकडा लिहावा लागे. पेनने, पेन्सिल चालत नसे. समोर काँक्रीटचा क्यूब असेल तर तो किती टनांवर फुटेल, सळई असेल तर किती ताण घेऊन तुटेल, पट्टी असेल तर मधोमध किती वाकेल. आकडा लिहायचा, खाली सही करायची, वही टेबलावर उघडी ठेवायची आणि मगच मशीन चालू करायचं. "चुकला तर चालंल," सर म्हणायचे, "पण आधी लिव्हलेला पाहिजे. नंतर लिव्हलेला बरोबर आकडा माझ्या काही कामाचा न्हाई."

यावरून त्यांचं नाव पडलं अंदाजे सर. नव्या मुलांना ते आडनावच वाटे. एकदा मुलाची हजेरी कमी भरली म्हणून हिमायतनगरहून एक पालक आले आणि कॉलेजच्या ऑफिसात त्यांनी "प्राध्यापक अंदाजे कुठं भेटतील?" असं विचारलं. क्लार्क हसू दाबत उभा राहिला. सर तिथेच पगारपत्रकावर सही करत होते. "मीच तो. बसा," म्हणाले, आणि अर्धा तास त्याच नावाने त्यांच्याशी बोलले.

माझा पहिला अंदाज मला आजही आठवतो. पंधरा सेंटिमीटरचा क्यूब होता आणि मी दोनशे टन लिहिलं होतं. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझं वजन किती, बाबा?"

"बावन्न किलो, सर."

"म्हंजे या एवढ्याशा ठोकळ्यावर तुझ्यासारखी पोरं किती उभी राहतील म्हणतोस?"

मी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. "तीन हजार आठशे शेहेचाळीस."

"आख्खं कॉलेज, अन् वरून सोमवारचा बाजार," सर म्हणाले. "लिव्हलंस ना, राहू दे. खोडू नको. आता फोडू." क्यूब सत्तेचाळीस टनांवर फुटला, म्हणजे माझ्यासारख्या नऊशे तीन पोरांवर. तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिताना मी त्याला मनातल्या मनात कशाने तरी भागून पाहतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ याच सवयीवर माझं घर चाललं आहे.

सर मूळचे लातूरकडचे, औसा तालुक्यातल्या एका लहान गावचे. नोकरी नांदेडला. शरीराने किरकोळ, पण तळहात रुंद आणि खरबरीत. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी क्षणभर थांबत, भिंतीवर तळहात ठेवत आणि मग आत येत. लोकांना ते नमस्कारासारखं वाटायचं. खरं तर ते भिंतीची जाडी, ओल आणि गिलाव्याचा पोकळपणा बघत असत. लग्नाच्या बोलणीला गेल्यावरही त्यांनी हेच केलं होतं, असं काकू सांगत. "मला बघायच्या आधी आमची भिंत बघितली," त्या म्हणायच्या, "अन् भिंत पसंत पडली म्हणून मी."

फळ्यावर ते फार कमी शिकवत. कमान कशी भार घेते ते दाखवायला त्यांनी आम्हा अकरा जणांना अंगणात कमानीसारखं झुकवून एकमेकांवर रेलून उभं केलं आणि मधल्या पोराला बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही सगळे धडाधड मातीत पडलो. "आता तुमच्यापैकी कोण मधल्या दगडाला ईसरतंय बघू," म्हणाले. एकदा अख्खा वर्ग अर्धापूरला केळीच्या बागेत नेला. घड लागलेल्या केळीला शेतकरी बांबूचा टेकू देतात. तो किती उंचीवर द्यायचा, किती तिरका, खाली पाया काय, हे सगळं आम्ही मोजून काढलं. बागवाला काका उसाच्या रसाचे ग्लास देत म्हणाला, "मास्तर, आमच्या केळीला कशाला कॉलेज? टेकू लावून राहिलो आम्ही बापजाद्यापासून."

"म्हणून तर आलो," सर म्हणाले. "तुम्ही लावता ते बरोबर हाय. का बरोबर हाय ते यांना सांगता येत न्हाई, अन् तुम्हालाबी सांगता येत न्हाई. मधी मी हाय."

त्या वर्षांत नांदेडला आणि लातूरला क्लासचं पीक जोमात येऊ लागलं होतं. गल्लीगल्लीत बोर्ड, बोर्डावर मुलांचे फोटो, फोटोखाली मार्क. आमच्याकडे येणारी मुलं हुशार होती, यात शंका नाही. पण एकदा सरांनी एका मुलाला तुळईकडे बोट दाखवून विचारलं, "ही किती भार घेईल?" त्याने सरळपणे विचारलं, "ऑप्शन काय काय आहेत, सर?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "एकच ऑप्शन हाय, बाळा. तू खाली उभा राहणार का न्हाई?"

लातूरच्या एका क्लासवाल्यांनी त्यांना भौतिकशास्त्र शिकवायला बोलावलं, दोनदा. त्यांनी नकार दिला, पण क्लासला कधी नावं ठेवली नाहीत. मी स्वतः शेवटच्या वर्षाला असताना संध्याकाळी एका क्लासमध्ये बारावीचं गणित शिकवायला जात होतो. मेसचा खर्च त्यातून निघे. सरांना ते ठाऊक होतं. "शिकव, पण इथलं काम ईसरू नको," इतकंच म्हणाले होते.

लातूरकडे भूकंप झाला त्या पहाटे नांदेडलाही भांडी वाजली होती. सर दुपारच्या गाडीने गावाकडे निघाले आणि दहा दिवसांनी परत आले. पहिले काही दिवस त्यांनी इतरांसारखे दगडच उचलले. मग त्यांनी खिशातून टेप काढला आणि पडलेल्या आणि अर्धवट उभ्या भिंती मोजायला लागले. एका म्हाताऱ्याने त्यांना हटकलं. "लोकं मेलेत, अन् तू टेप लावून राहिला? लाज वाटती का?"

सर सांगायचे, "मी म्हणलं, वाटती. पण आज न्हाई मोजलं तर उद्या हे दगड उचलून पुन्हा तसंच बांधतील."  म्हाताऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत तो धरून होता. त्याच्या घरातलं कोण गेलं हे सरांनी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्या दहा दिवसांतून एक गोष्ट सरांच्या मनात पक्की बसली. आपल्याकडची दगडमातीची भिंत दिसायला दोन-अडीच फूट जाड असते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये चिपा, म्हणजे दगडांचे कपचे, आणि माती. जमीन हलली की दोन पदर एकमेकांना सोडतात, भिंतीला पोट येतं आणि वरचं मातीचं जड माळवद खाली बसतं. जुने चांगले गवंडी मध्ये मध्ये एक लांब दगड घालत, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. आरपार दगड. तो दोन पदरांना धरून ठेवतो. पडलेल्या भिंतींत सरांना तो जवळजवळ कुठेच दिसला नाही. उभ्या राहिलेल्या काहींत दिसला. पण "दिसला" हा पुरावा नव्हे. तो तपासायचा होता, आणि त्यावरच सरांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. चाळिशी उलटली होती, नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. ती संपायच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे भूकंपासारखं हलवणारं मशीन नव्हतं. सरांनी ते केलं. मुदखेडच्या एका भंगारवाल्याकडून रुळांचे तुकडे आणले, त्यांवर लोखंडी रोलर, रोलरवर जाड फळ्यांचा पाट. बाजूला तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं करून साखळीने काँक्रीट भरलेला पिंप टांगला. पिंप मोजून मागे ओढायचा आणि सोडायचा. तो पाटावर आदळला की पाट आणि त्यावरची भिंत हादरे. प्रत्येक टोल्याला पिंप सहा इंच जास्त मागे. पाटावर एका वेळी एक, अशा दोन भिंती बांधायच्या. दोन्ही आठ फूट लांब, पाच फूट उंच, दहा थरांच्या, एकाच खाणीतला दगड, तीच माती. फरक एकच. पहिलीत आरपार दगड, दुसरीत एकही नाही.

बांधायला रशीदमिस्त्री होते. साठीला टेकलेले, देगलूर नाक्याकडे राहणारे, चार पिढ्यांचे गवंडी. प्रकल्पात आम्ही चौघे विद्यार्थी होतो. तिघे सकाळी दगड-माती वाहायचे, आणि नोंदवही माझ्याकडे होती. प्रत्येक थरात किती दगड, त्यांत आरपार किती, हे समोर उभं राहून मोजायचं आणि लिहायचं. माझं अक्षर चांगलं आणि हिशेब चोख, म्हणून सरांनी ते काम मला दिलं होतं. याचा मला अभिमान होता.

पहिली भिंत ठरल्याप्रमाणे झाली. दुसरीच्या वेळी मिस्त्री अस्वस्थ होते. प्रत्येक थराला विचारायचे, "भैया, इथं एक लांब टाकू का?" मी म्हणायचो, "नाही मिस्त्री, हिच्यात टाकायचा नाही." चार थर असे झाले. मग दोन दिवस मला क्लासला लवकर जावं लागलं. परीक्षा जवळ आली होती. चार वाजता मी निघायचो, मिस्त्री दिवस मावळेपर्यंत काम करायचे. माझ्या जागी कुणाला तरी उभं करावं हे मला सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं, केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या ओळी पाहिल्या आणि पाच ते आठ या थरांपुढे लिहिलं, "आरपार दगड: वरीलप्रमाणे." म्हणजे शून्य. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही सगळेच असं करत आलो होतो. सीनियरचं जर्नल घ्यायचं, रीडिंग उतरवायची. त्यात काही वाटायचं नाही.

पहिल्या चाचणीच्या दिवशी सरांच्या पीएच.डी.चे बाहेरगावचे मार्गदर्शक प्राध्यापक आले होते, कॉलेजातले लोक होते, आणि भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामावरचे एक तरुण कनिष्ठ अभियंताही. सरांनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर फळ्यावर अंदाज लिहिला. पहिली भिंत: बारा टोल्यांनंतर उभी. दुसरी: चौथ्या टोल्याला पोट, सहाव्याला खाली. खाली सही.

पहिली भिंत बारा टोले खाऊन उभी राहिली. तिला उतरवून पाटावर दुसरी बांधली आणि ती वाळल्यावर चाचणी झाली, तेव्हाही हीच मंडळी होती. चौथा टोला पडला, थोडी माती झडली. सहावा पडला. आठवा. सर पिंपाच्या साखळीजवळ उभे होते, ते हललेसुद्धा नाहीत. बाराव्या टोल्याला वरच्या कोपऱ्यातून एक भेग खाली आली, आणि भिंत उभीच राहिली.

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अंदाजे सरांचा अंदाज गेला." मार्गदर्शक मात्र खूश होते. त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, हे तर नवीन आहे. सगळे समजतात आरपार दगडाने फरक पडतो. तुम्ही दाखवून दिलंत की पडत नाही. हे लिहा. प्रबंध झालाच समजा."

सर म्हणाले, "असं कसं झालं ते मला कळंना."

"निष्कर्ष हातात आहे. कारण नंतर शोधा."

सरांनी आठ दिवस आकडेमोड केली. मातीचा ओलावा, दगडाचा खरबरीतपणा, पिंपाचं वजन, सगळं पुन्हा तपासलं. नोंदवही तपासली नाही. ती माझ्या अक्षरात होती. मी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसून आलेख काढत होतो, आणि मिस्त्रींचं "एक लांब टाकू का" सारखं माझ्या कानात होतं. तरी मी स्वतःला सांगत होतो की टाकले नसतील.

नवव्या दिवशी तो कनिष्ठ अभियंता आला. चांगला माणूस होता, दमलेला. म्हणाला, "सर, त्या चाचणीचा कागद मला लवकर मिळंल का? गावात ते लांब दगड मिळंनात. मिस्त्री लोक वेळ लावतेत, घरवाले कुरकुर करतेत. तुमच्या कागदावर साहेबांनी सही केली तर दुरुस्तीत लांब दगड घालायची अटच काढून टाकता यील. काम निम्म्या वेळात व्हईल."

सर म्हणाले, "गुरुवारी देतो."

तो गेल्यावर मी उठलो आणि सरांच्या टेबलाशी उभा राहिलो. मी म्हणालो, "सर, दुसऱ्या भिंतीचे चार थर मी पाहिलेले नाहीत."

सरांनी पेन खाली ठेवला. "कोणते?"

"पाच ते आठ. क्लासला गेलो होतो. वरीलप्रमाणे लिहिलं."

ते मला बोलतील, वही फेकतील, असं मला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी नोंदवहीचं ते पान उघडलं. मग कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "भिंत उघडायची. किती आरपार दगड निघतील? लिव्ह." मी दोन लिहिलं. सरांनी स्वतः आठ लिहिलं. मग आम्ही चौघे आणि ते, दुसरी भिंत वरून एक एक दगड उतरवायला बसलो. सर प्रत्येक दगड हातात घेऊन मोजत होते. दोन थर काहीच निघालं नाही. आठव्या थरात तीन निघाले. सातव्यात दोन. सहाव्यात दोन. पाचव्यात दोन. एकूण नऊ, अगदी जिथे असायला हवेत तिथे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मांडून ठेवलेले ते नऊ दगड पाहिले आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"साब, चार थर मी तुमचं ऐकलं. पाचव्याला हात थांबला. लहानपणी लांब दगड ईसरलो म्हणून बापानं थापीनं मारलेलं हाय मला. अन् आता तुम्ही म्हनता खराब बांध. न्हाई जमलं. आन् लोक बघाया येनार म्हनले. पडली असती तर काय म्हनले असते? रशीदमिस्त्रीची दीवार पडली."

"अहो, ती पडायलाच बांधायची होती."

"ते तुमाला म्हाईत. दीवारीला कुठं म्हाईत?" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या भैयाचा कसूर न्हाई. हे न्हाईच म्हनत होते. हे गेल्यावर टाकले मी."

सर त्या दहा दिवसांत पहिल्यांदा हसले. "मिस्त्री, तुमच्या हातून वाईट भिंत व्हायची न्हाई, हे मला आधी कळायला पाहिजे होतं. हे माझं चुकलं."

मार्गदर्शकांना ते अजिबात आवडलं नाही. एवढा निष्कर्ष हातात असताना भिंत फोडायची काय गरज होती, असं त्यांनी फोनवर विचारलं. चार थरांची गोष्ट तळटीपेत टाका आणि प्रबंध द्या, मुदत जाईल, असंही सुचवलं. सरांनी त्यांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल करायला माझ्याकडेच दिली होती, म्हणून मला ते पाठ आहे. "दुसऱ्या भिंतीची चाचणी रद्द समजावी. थरांची मोजणी माझ्या देखरेखीखाली होती. ती मी तपासली नाही. नवीन भिंत बांधत आहे." माझं नाव त्यात कुठे नव्हतं. मी म्हणालो, "सर, हे खरं नाही. वही माझी होती."

"वही तुझी होती," सर म्हणाले. "पण ती तुला देऊन नंतर उघडून बघितली न्हाई ते मी. ज्याची चूक मोठी, त्याचं नाव आधी. चल, माती भिजव."

आता वाईट भिंत बांधायची कुणी, हा प्रश्न होता. सर म्हणाले, "त्याला तुमच्यासारखे कारागीर पाहिजेत." म्हणून तिसरी भिंत आम्ही चौघांनी बांधली. मिस्त्रींना खुर्ची दिली होती आणि हात न लावण्याची ताकीद. त्यांचे ते दिवस फार वाईट गेले. मी थापी धरली की ते मान फिरवायचे. "असं तर कोंबड्याचं खुराडं बी कोनी बांधत न्हाई," म्हणायचे. सर म्हणायचे, "वा. म्हंजे बरोबर चाललंय." या वेळी प्रत्येक थर मी मोजला, सरांनी मोजला आणि मिस्त्रींनी मोजला. तीन सह्या. क्लास मी सोडून दिला. तसं सरांनी मला सांगितलं नव्हतं.

मातीची भिंत वाळायला वेळ लागतो, आणि मध्येच पाऊस लागला. आम्ही ताडपत्री धरून बसलो. मुदतीचा दिवस आला तेव्हा भिंत ओलीच होती. सरांनी त्या दिवशी नेहमीप्रमाणे दोन तास घेतले, दुपारचा डबा खाल्ला आणि भिंतीला हात लावून म्हणाले, "अजून बारा दिवस." मुदत पुन्हा वाढवायला मार्गदर्शकांनी सही दिली नाही. नव्याने नोंदणी करण्याचा विषय सरांनी नंतर कधी काढला नाही.

बारा दिवसांनी चाचणी झाली. बघायला पाहुणे नव्हतेच. सरांनी त्या कनिष्ठ अभियंत्याला मुद्दाम बोलावलं होतं आणि दुरुस्तीच्या कामावरचे दोन गवंडी सोबत आणायला सांगितलं होतं. चौथ्या टोल्याला बाहेरचा पदर फुगला. सगळ्यांना तो फुगताना दिसला. पाचव्या टोल्याला भिंत मधून उघडली, दोन पदर दोन बाजूंना गेले आणि मधल्या चिपा भळभळा खाली आल्या.  त्यातला एक गवंडी पुढे होऊन त्या ढिगात बसला, एक चीप उचलली आणि परत ठेवली. "आमच्या घराला असंच झालं," म्हणाला.

अभियंता म्हणाला, "सर, कागद द्या."

सरांनी कागद दिला. त्यात तिन्ही भिंती होत्या, आणि दुसरीपुढे लिहिलं होतं की कारागिराने सांगितलेलं न ऐकता नऊ आरपार दगड घातले आणि नऊच दगडांवर भिंत बारा टोले उभी राहिली. आरपार दगडाची अट त्या गावांत कायम राहिली. पुढे नोकरीनिमित्त मी त्या भागात खूप फिरलो. बाहेरून भिंतीवर लांब दगडाचं डोकं दिसावं आणि त्यावर चुन्याने खूण केलेली असावी, अशी घरं मी मोजली आहेत. आकडा इथे लिहीत नाही, कारण सगळी गावं माझी बघून झालेली नाहीत. पण एकेका घराशी उभं राहून मला जे वाटलं ते सांगायला हरकत नाही.  ही आमच्या सरांची घरं आहेत.

आता लातूरला माझं स्वतःचं लहानसं ऑफिस आहे. क्लासच्या मुलांसाठी होस्टेल बांधणारे येतात, तीन मजल्यांच्या पायावर पाचवा मजला टाकायची सही मागतात. मी पाया उघडायला सांगतो. बरेच जण दुसरीकडे जातात. बायको म्हणते, "तुमच्या सरांनी तुम्हाला धंद्यातून उठवलं." पण हे ती पाहुण्यांना सांगते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसते.

सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही माजी विद्यार्थ्यांनी नांदेडला सत्कार ठेवला. पत्रिका छापायचं काम आमच्या नंतरच्या बॅचच्या मुलांकडे होतं. दोनशे चाळीस पत्रिका आल्या, आणि सरांच्या नावामागे ठळक अक्षरांत "डॉ." छापलेलं होतं. इतकी वर्षं भिंतींवर काम केलेला माणूस डॉक्टर नसेल, हे त्या मुलांच्या मनातही आलं नव्हतं. पत्रिका पाकिटांत घालायला मी सरांच्या घरी गेलो होतो. त्यांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला आणि पेन मागितला.

काकू म्हणाल्या, "राहू द्या की आता. वीस वर्षं झाली, पोरं तसंच म्हणून राहिलेत."

"म्हणू दे," सर म्हणाले. "छापू नये."

आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो आणि एकेक पत्रिका घेऊन ते "डॉ." आडव्या रेघेने खोडू लागलो. मला मान वर करणं जड जात होतं. दीड तास लागला. सर मध्येच म्हणाले, "अरे, असं तोंड करून काय बसलास? पाचव्या टोल्याला पडली ना ती? मग." आणि पुढची पत्रिका ओढली.

शेवटी त्यांनी गठ्ठा मोजला. पुन्हा मोजला. "दोनशे एकोणचाळीस. एक कुठं हाय?"

मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "माझ्याकडे आहे, सर. ती खोडलेली नाही."

 काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, ते हात पुढे करतील.

"ठेव," सर म्हणाले. "पण ती तुझ्या जबाबदारीवर."

सर गेले त्याला आता तीन वर्षं होतील. पत्रिका माझ्या कपाटात आहे. घरी कुणी ती पाहून विचारलं, तर छपाईची चूक आहे असं मी सांगत नाही.